लेकराशी बोलणारे घर

प्रस्तावना

लहान मुलांच्या बोलण्याविषयी आणि घरातल्या मोबाईलविषयी एकाच पुस्तिकेत का लिहायचे, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. निंदणाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी दहाच्या सुमारास एखाद्या घरात डोकावले, की उत्तर मिळते. आई वावरात गेलेली असते. आजी चुलीपाशी असते. दोन-अडीच वर्षांचे लेकरू बाजेवर बसून फोनवर कार्टून पाहत असते. ते रडत नाही, काही मागत नाही आणि बोलतही नाही. त्याच फोनवर अंगणवाडीच्या ग्रुपमध्ये सेविकाताईंनी पाठवलेला खेळाचा व्हिडिओ न उघडता पडून असतो. लेकराची भाषा आणि घरातला फोन हे दोन विषय आता वेगळे काढताच येत नाहीत, म्हणून ते येथे एकत्र घेतले आहेत.

पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लहान मूल भाषा शिकते ती त्याला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. फोन लेकराच्या उपयोगी पडायचा असेल, तर त्याच्या पलीकडच्या टोकाला किंवा अलीकडे लेकराच्या शेजारी कोणीतरी माणूस असलाच पाहिजे. पुढची सगळी प्रकरणे, त्यांतले खेळ, मोबाईलच्या सेटिंगची माहिती आणि तपासणीच्या सूचना याच म्हणण्याला धरून आहेत.

आपला वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास होती आणि दर पाच माणसांमागे चार जण खेड्यात राहत होते. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्यासोबत वाशिमचे नाव आले. तेव्हापासून आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती, पाणी यांचे आकडे दर महिन्याला वर पाठवले जातात. मुलाचे वजन, उंची आणि लसीकरण नोंदवले जाते, आणि ते व्हायलाच हवे. पण त्या मुलाशी घरात दिवसभरात कोण किती बोलले, याला त्या तक्त्यांत रकाना नाही. पहिलीत बसलेल्या मुलाला बाई काय सांगतात ते समजते का, आपल्याला काय हवे ते त्याला सांगता येते का, हे मात्र बरेचसे त्यावरच ठरलेले असते.

घराघरांत बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत आहे. गावात वऱ्हाडी चालते. मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या परिसरात आणि ठिकठिकाणच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. कारंजा, मंगरूळपीर आणि वाशिम शहरांतल्या कितीतरी घरांत उर्दू आहे. तांड्यावरचे लेकरू आईला याडी म्हणते, भाकरीला बाटी म्हणते आणि तीन वर्षांचे झाल्यावर अंगणवाडीत येऊन आई, भाकर हे शब्द ऐकते. त्याच वयात फोनवरचे कार्टून हिंदीत आणि गाणी इंग्रजीत सुरू असतात. यात आपली भाषा कोणती आणि ती कोणाशी बोलायची, हे लेकराला सांगणारे माणूस सोबत असावे लागते.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. 1926 मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंनी पुढे भावनगरला गिजुभाईंसोबत बालशिक्षणाचे काम केले आणि 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातले बालशिक्षण उभे करायला गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालवाडी काढली तरी गरीब वस्तीतली मुले तिथवर येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली. मुलांच्या अंगणात बसून, तिथल्याच पाना-फुलांनी, खड्यांनी, शिंपल्यांनी त्यांनी शिकवायला सुरुवात केली. अंगणवाडीची सुरुवात ही अशी झाली. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा गावपातळीवरच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज आपल्या प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, आणि तिच्यामागे या दोन बायांची मेहनत आहे.

त्या कामातली एक गोष्ट या पुस्तिकेसाठी फार मोलाची आहे. अंगणात जे साहित्य पोहोचले, ते माणसाच्या हातून पोहोचले. शिंपला मुलापुढे नुसता ठेवून ताराबाई निघून गेल्या नाहीत. त्या तिथे बसल्या, मुलाने काय म्हटले ते ऐकले आणि त्यावर बोलल्या. आज फोनमधून गोष्टी, गाणी आणि चित्रे घराघरात पोहोचतात. त्यांच्यासोबत बसणारे माणूस मात्र फोनमधून येत नाही. ते घरातूनच मिळावे लागते.

माणूसच का लागते, याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने चांगले स्पष्ट केले आहे. मूल जन्मण्याआधीच ऐकू लागते. जन्मल्यावर काही दिवसांतच ते आईचा आवाज इतर आवाजांतून ओळखते. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ऐकू येत होता, मोठ्या इंग्रजी माणसांना तो कळत नव्हता. दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेक बाळांची ती क्षमता गेलेली होती, कारण त्यांच्या घरात ते वेगळे आवाज कोणी काढत नव्हते. म्हणजे बाळ पहिला शब्द बोलण्याआधीच त्याचा कान घरातल्या भाषेवर बसू लागलेला असतो. ‘अजून त्याला काय कळते’ म्हणून पाळण्यातल्या बाळाशी न बोलणे, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

मग हे आवाज टीव्हीतून ऐकवले तर? अमेरिकेत सिएटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. 2003 मध्ये त्यांचे काम प्रसिद्ध झाले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसोबत चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती बसल्या, पुस्तक वाचले, खेळल्या. अशा बारा बैठकी झाल्या आणि बाळे चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे, तेवढाच वेळ पडद्यावर दाखवले. त्या बाळांनी काहीच उचलले नाही. आवाज तोच होता, चेहराही तोच होता. पडद्यावरचा चेहरा बाळाच्या डोळ्यांकडे पाहून थांबत नव्हता, बाळाने हात पुढे केला तर त्यावर काही म्हणत नव्हता, एवढाच फरक होता.

बाळाला हे उत्तर मिळणे किती गरजेचे असते, हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात दाखवले. बाळाशी हसत-बोलत असलेल्या आईला त्यांनी थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. काही महिन्यांचे बाळ आधी हसून पाहते, मग आवाज काढते, हात हलवते आणि आईकडून काहीच येत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवते, किरकिर करू लागते. हा प्रयोग वाचताना फोनकडे पाहण्याची नजर बदलते. लेकराच्या हातातल्या फोनची काळजी आपण करतो. मोठ्या माणसाच्या हातातला फोनही तेवढाच विचार करण्यासारखा आहे. बाप संध्याकाळी वावरातून येतो, पाय धुतो आणि ओट्यावर रील पाहत बसतो. लेकरू त्याच्या गुडघ्याला धरून काहीतरी दाखवते. तो ‘हं’ म्हणतो, पण मान वर करत नाही. असे रोज झाले तर लेकरू दाखवणे कमी करते. म्हणून पुस्तिकेतला पहिला नियम मोठ्यांसाठी आहे: लेकरू बोलत असेल तेव्हा फोन पालथा ठेवायचा.

बोलणे म्हणजे शिकवणे, असे अनेक पालकांना वाटते. त्यामुळे ‘आम्ही काय शिकवणार, आम्ही कुठं शिकलेलो’ असे म्हणून ते मागे सरतात. त्यांच्यासाठी एक साधे दृश्य येथे देतो. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा घरी आल्या आहेत. आजी सोले काढायला बसली आहे आणि तीन वर्षांचा नातू समोर उकिडवा बसला आहे. आजी एक शेंग त्याच्या हातात देते. ‘हे काय हाय?’ तो म्हणतो, ‘छेंग.’ ‘हो, शेंग. दाबून पाय बरं, भरेल हाय का पोची?’ तो दाबतो, थांबतो, म्हणतो, ‘पोची.’ ‘मंग टाक त्या टोपल्यात, बकरीले होते.’ तो टाकतो आणि स्वतःहून दुसरी उचलतो. या अर्ध्या मिनिटात केवढे काम झाले आहे ते पाहा. आजीने त्याचा शब्द चुकला असे म्हटले नाही, पण आपल्या उत्तरात तोच शब्द नीट म्हणून दाखवला. भरेल आणि पोची हे दोन उलट गुण त्याच्या बोटांना कळले. आजी प्रश्न विचारून थांबली, म्हणून त्याला विचार करायला वेळ मिळाला. निवड त्याने केली आणि त्यावर पुढचे काम ठरले. बालशिक्षणातली बहुतेक तत्त्वे या खेळात आली आहेत. शाळेत न गेलेली आजी हे रोज करते. तिला तिच्या कामाची किंमत सांगणे, एवढेच कधी कधी आपल्याला करायचे असते.

आपल्या भागातला भुलाबाईचा खेळसुद्धा असाच आहे. गाणी म्हणून झाली की झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायला सांगतात. मुली कान देतात. खुळखुळ वाजले की काय, वाजलेच नाही तर काय, गोड की तिखट, तळलेले की भाजलेले, असे एकेक विचारत उत्तराकडे जातात. नीट ऐकणे, तर्क करणे, प्रश्न विचारणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सगळे भाषेचे धडे त्या डब्यात आहेत. पुस्तिकेतले निम्मे खेळ असे आपल्याच घरांतून, सणांतून आणि कामांतून घेतले आहेत. त्यांना रिचार्ज लागत नाही.

घरच्या बोलीविषयी येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. वऱ्हाडीत डोळ्याला डोया म्हणतात. लेकराने डोया म्हटले की काही शिकलेले पालक त्याला लगेच अडवतात. तांड्यावरच्या काही आयांना वाटते की गोरमाटी बोललो तर लेकरू शाळेत मागे पडेल. मग त्या स्वतःला नीट न येणाऱ्या मराठीत चार मोजके शब्द बोलतात आणि मनातले सगळे मनातच राहते. यात नुकसान लेकराचे होते. ज्या भाषेत आईला रागावता येते, लाड करता येतात, गोष्ट रंगवून सांगता येते, त्याच भाषेत तिने लेकराशी बोलावे. दोन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे अडत नाही. घरची भाषा भक्कम असली की शाळेची भाषा तिच्या आधाराने येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सुरुवातीचे शिक्षण शक्य तिथे मातृभाषेत व्हावे असे म्हटले आहे. सेविकाताईंनी गोरमाटीतले किंवा उर्दूतले पंचवीस-तीस शब्द शिकून घेतले, तरी पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या लेकराला केवढा धीर येतो, हे ज्यांनी केले आहे त्या सांगतील.

आता फोनविषयी. प्रथम या संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 36.5 टक्के मुलांच्या घरी 2018 मध्ये स्मार्टफोन होता. 2021 मध्ये हे प्रमाण 67.6 टक्के झाले. मधल्या काळात करोना आला. शाळा बंद झाल्या, व्हॉट्सॲपवर धडे येऊ लागले. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी केली होती आणि घरात, परिसरात करून पाहण्याच्या गोष्टींवर तिचा भर होता. त्या दिवसांत अनेक घरांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतला, तो शिक्षणासाठीच. शाळा उघडल्यावर शिक्षण परत शाळेत गेले, फोन घरातच राहिला आणि हळूहळू तो धाकट्या भावंडांच्या हातात गेला. पालकांना दोष देण्याची ही जागा नाही. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत पहाटे घर सोडणाऱ्या बाईला लेकरू गुंतवून ठेवण्याचा दुसरा उपाय कोणी दिलेला नाही. पण या सवयीची किंमत तिला माहीत असायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: पहिल्या दोन वर्षांत पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितके चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणेही साधारण हेच आहे, शिवाय पाच वर्षांपर्यंत मोठ्यांनी सोबत असावे असे ती सांगते. हे आकडे लक्षात ठेवावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या वेळात काय हुकते ते पाहावे. जेवताना फोन लावला की घास सहज जातो, पण लेकराला घास दिसत नाही. भात मऊ, ठेचा तिखट, ताक आंबट, आणखी पाहिजे, पुरे झाले, हे सगळे शब्द जेवणाच्या ताटावर शिकायचे असतात. काही मुले इंग्रजीत रंगांची नावे घडाघडा म्हणतात आणि पालक कौतुकाने पाहुण्यांना ऐकवतात. तेच मूल तहान लागल्यावर पाणी मागण्याऐवजी आईचा हात ओढत असेल, तर त्याचे पाठांतर झाले आहे, बोलणे अजून व्हायचे आहे.

फोनचा एक उपयोग मात्र लहान वयातही खरा आहे. दिवाळीनंतर आपल्याकडची काही कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जातात. काही लेकरे आजी-आजोबांजवळ राहतात. अशा लेकरासाठी आई-बापाचा व्हिडिओ कॉल ही चैन नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द तीन प्रकारे शिकवले: समोर बसून, व्हिडिओ कॉलवर आणि आधी भरून ठेवलेल्या व्हिडिओतून. समोरच्या माणसाकडून मुले शिकली, व्हिडिओ कॉलवरही शिकली, भरून ठेवलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. कॉलवरची व्यक्ती मुलाला उत्तर देत होती, त्याची वाट पाहत होती. म्हणून पुस्तिकेत व्हिडिओ कॉलसाठी वेगळे प्रकरण आहे. ‘जेवला का, त्रास देऊ नको’ एवढ्यावर कॉल संपवू नये. लेकराला आज गोठ्यात काय झाले ते दाखवायला सांगावे, आईने तिथला उसाचा फड दाखवावा, आजीने मध्ये बसून राहिलेले पुरवावे.

तीन वर्षांनंतर अंगणवाडीच्या ग्रुपवर येणाऱ्या उपक्रमांचाही चांगला उपयोग होतो, मात्र तो व्हिडिओ मुलाला लावून देण्यासाठी नसतो. आईने, बापाने किंवा मोठ्या बहिणीने तो आधी स्वतः पाहावा, फोन बाजूला ठेवावा आणि मग घरातल्या वस्तू घेऊन लेकरासोबत तो खेळ करावा. झाल्यावर त्याचा आवाज भरून सेविकाताईंना पाठवावा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘आरंभ’ या उपक्रमात अंगणवाडीने पालक मेळावे घेतले, घरच्या वस्तूंपासून खेळणी केली, आई-बापांना लेकरासोबत खेळायला बसवले. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांची त्याला साथ होती. तिकडे पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेने मुलांच्या सुरुवातीच्या भाषाशिक्षणावर मराठीत कितीतरी वर्षे काम केले आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या ठिकाणी मराठी गोष्टींची चित्रमय पुस्तके मोफत वाचता येतात. ज्या घरात पुस्तक नाही, तिथे फोनच्या पडद्यावरचे चित्र दाखवून गोष्ट सांगावी. गोष्ट मोठ्याने सांगायची, आपल्या बोलीत सांगायची आणि पान उलटायला लेकराला द्यायचे.

सुरक्षिततेचा भाग अनेकांना अवघड वाटतो. कामे तशी मोजकी आहेत आणि गावातला दहावीतला मुलगाही ती करून देऊ शकतो. एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी, कारण लेकरू न आवडणाऱ्या, भीतीदायक गोष्टींपर्यंत बहुधा अशा घसरणीनेच पोहोचते. यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स ठेवावे आणि त्यात आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी निवड करावी. लेकराला फोन देताना एकच ॲप उघडे राहील असे पिन करावे. पैसे पाठवायच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे आणि त्याचा पिन लेकरासमोर टाकू नये. चार्जिंगला लावलेला फोन लेकराच्या हाती कधीच देऊ नये.

लेकराच्या फोटोचाही विचार करावा. नाव, गाव आणि अंगणवाडी लिहिलेला फोटो स्टेटसला गेला, की तो कुठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कौतुकानेही कोणाला पाठवू नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. ही संमती द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, तो न वाचता ‘ओके’ दाबून वाया घालवू नये. मुलाच्या बाबतीत काही वाईट घडले किंवा घडण्याची भीती वाटली तर 1098 या क्रमांकावर फोन करावा, पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर 1930 वर. हे दोन्ही क्रमांक पुस्तिकेच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत दिले आहेत. त्याआधी एक गोष्ट घरात पक्की करावी: पडद्यावर काही भीतीचे दिसले आणि लेकरू सांगायला आले, तर त्याला रागावायचे नाही. एकदा मार बसलेले मूल पुढच्या वेळी लपवते, आणि लपवणाऱ्या मुलाला कोणतेही सेटिंग वाचवू शकत नाही.

काही मुले मात्र घर कितीही बोलके असले तरी बोलत नाहीत. ‘त्याचा बापही उशिरा बोलला होता’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, आणि त्यात कधी कधी दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात. वर्षाचे मूल बडबडत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, नाव घेतल्यावर वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ यासारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात बंद पडले असेल, तर थांबू नये. आधी कान तपासावेत. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला कमी ऐकू येऊ शकते आणि कमी ऐकणारे मूल कमी बोलते. कानात तेल घालू नये. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि पुढच्या तपासणीसाठी मुलांना जिल्हा पातळीवर पाठवतात. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी लेकराला अंगणवाडीत न्यावे. सगळे मोबाईलमुळेच झाले असे समजून नुसता फोन काढून घेणे आणि वाट पाहणे, हेही पुरेसे नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या घरांनी हावभाव, खुणा, चित्रे यांनी संवाद सुरूच ठेवावा. बोलता न येणाऱ्या लेकरालाही सांगायचे खूप असते.

ही पुस्तिका एकट्याने वाचून ठेवून देण्यासाठी नाही. सेविकाताईंनी गृहभेटीला जाताना एकेक पान सोबत न्यावे, माता बैठकीत मोठ्याने वाचावे, आणि बैठक बापांची, आजोबांचीही घ्यावी. आशाताईंनी बाळंतिणीला बाळाशी बोलायला पहिल्याच भेटीत सांगावे. प्रत्येक खेळ पाच-दहा मिनिटांचा आहे आणि तो आंघोळ, जेवण, धुणे, दळण अशा रोजच्या कामातच बसवलेला आहे, कारण आपल्या आया-बहिणींकडे वेगळा वेळ नाही हे आम्हाला माहीत आहे.

उपयोग झाला की नाही, हे ओळखायचे कसे? फोन किती तास कमी झाला, हा हिशेब ठेवावा, पण तेवढ्यावर थांबू नये. लेकराचे प्रश्न वाढले का, ते पाहावे. हे काय, ते कुठं गेलं, असं काऊन, असे विचारून जे मूल घर डोक्यावर घेते, ते पहिलीत बाईंना विचारते, पुढे दवाखान्यात डॉक्टरला विचारते आणि मोठेपणी ग्रामसभेत उभे राहून गावाच्या कामाचा हिशेब मागते. या जिल्ह्याला अशी माणसे हवी आहेत. त्यांची सुरुवात घरात होते, आणि ती करून देणे आपल्या प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.